न केलेला फोन

"तिला सांग, मीठ इकडे दे," मायलो आईला म्हणाला.

'ती' त्याच्या समोरच बसली होती, हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर. त्याच्या मोठ्या बहिणीने, लोरेटाने, मिठाची बाटली टेबलाच्या मधोमध सरकवली आणि बशीतल्या कोबी-नूडल्स पुन्हा काट्याने चिवडू लागली. दुखलं काहीच नाही. मायलोला त्याच्या अमेरिकन फुटबॉल संघाने काढून टाकलं आणि तो पेनसिल्व्हेनियातल्या या आईच्या घरी परतला, तेव्हा सुरुवातीला त्याच्या प्रत्येक 'तिला सांग'ने तिच्या काळजात काहीतरी चिरत जायचं... पण दोन वर्षांत त्या जागी एक जाड, बधिर कातडी चढली होती. ती त्याचे कपडे धुवायची, त्याला आवडतं ते रांधायची, आणि तो तिच्या बाजूने, एखाद्या खुर्चीला वळसा घालावा तसा, निघून जायचा.

वडील गेले तेव्हा मायलो शाळकरी होता आणि लोरेटा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिने कॉलेज सोडलं, त्याच्याच शाळेच्या कँटीनमध्ये वाढपिणीची नोकरी धरली. संध्याकाळी बंद पडलेल्या पोलाद कारखान्यामागच्या माळावर तो चेंडू फेकायचा आणि ती झेलायची. एका थंडीत त्याच्या फेकीने तिची करंगळी मोडली ती वाकडीच जुळली. तिला क्लीव्हलंडला घेऊन जाऊ पाहणारा व्हिक्टर नावाचा एक सज्जन माणूस होता. "मायलोचा एवढा मोसम होऊ दे," असं ती त्याला सांगत राहिली, आणि मोसम होत राहिले. शेवटी व्हिक्टरने दुसरीकडे लग्न केलं. त्याचंही तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

मायलो मोठ्या लीगमध्ये पोचला. बरीच वर्षं बाकावर काढल्यावर एकदाची क्वार्टरबॅकची, म्हणजे चाली रचून चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, जागा त्याला मिळाली, आणि थोड्याच सामन्यांत एका धिप्पाड गड्याने त्याला असं आदळलं की डोकं जमिनीवर आपटलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी आला तेव्हा त्याने आईला मावशीच्या नावाने हाक मारली, भरलेली बशी तिरकी धरली, आणि सांडलं तरी त्याला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात घरातून कुणीतरी संघाच्या डॉक्टरांना फोन केला. तपासणी झाली, मायलोला सामन्यांबाहेर बसवलं गेलं. त्याच्या जागी खेळलेला पोरगा जिंकत सुटला, आणि मोसम संपताच मायलोला निरोप मिळाला. मग दुसऱ्या कुठल्याही संघाने त्याला विचारलं नाही.

"कुणी केला फोन?" याच स्वयंपाकघरात उभं राहून त्याने विचारलं होतं, आणि लोरेटा म्हणाली होती, "मी."

आज रविवारचं जेवण अर्ध्यावर आलं असताना त्याने तोंड उघडलं. "आई, कॅनडातून बोलावणं आलंय. रेजायनाच्या संघाचं. त्यांचा क्वार्टरबॅक गुडघा मोडून बसलाय. परवा निघतो."

आईने, इरेनाने, विचारलं, "आणि डोकं?"

"डॉक्टरांनी कधीच खेळायची परवानगी दिलीय. तिशी उलटलीय माझी, आई. तिथे जमलं तर जमलं, नाहीतर मी गावातल्या पोरांना टायर विकायला मोकळा. फक्त या खेपेला घरातल्या कुणी माझ्या वाटेत येऊ नये. तिला सांग."

इरेनाने काटा खाली ठेवला. 

"तो फोन मी केला होता, मायलो."

"तिला पाठीशी घालू नकोस."

"मी केला होता.  डॉक्टरांचा नंबरसुद्धा हिला न विचारता तुझ्याच फोनमधून उतरवून घेतला. तू ओरडत आलास तेव्हा माझ्या हृदयाचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात ही बोलून गेली. आणि मी... मी तिला बोलू दिलं. दोन वर्षं बोलू दिलं."

मायलोने लोरेटाकडे पाहिलं. पाहिलं, म्हणजे खरंच पाहिलं. तिच्या कानशिलावरचे केस किती पांढरे झाले होते.

"का?" दोन वर्षांत त्याने तिला उद्देशून काढलेला तो पहिला शब्द होता.

"तुला कुणावर तरी चिडायलाच हवं होतं," लोरेटा सरळ, कोरड्या आवाजात म्हणाली. "आईला ते सोसलं नसतं. मला सोसलं. जेव, गार होतंय."

 तो उठून बाहेर गेला. इरेना मुलीचा हात धरून हुंदके देत राहिली. लोरेटा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण या क्षणाची इतकी वाट पाहिल्यावरही आपल्या आत काहीच कसं हललं नाही, एवढंच तिला नवल वाटत होतं. अश्रू कुठे गेले होते तिचे... ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी मायलो निघाला. दारात तिच्यासमोर थांबला, बूट न्याहाळत म्हणाला, "येतो, लोरी." ती म्हणाली, "थंडीचं जपून राहा."

रेजायनाचं मैदान रुंद, वारा उघड्या माळावरून सुटलेला, आणि चेंडू पुढे न्यायला संधी अमेरिकेतल्यासारख्या चार नव्हे, तीनच. पहिल्या सामन्यात मायलोचे चेंडू वाऱ्याने भरकटले. प्रेक्षक म्हणाले, "अमेरिकेने टाकलेलं सामान आपल्या गळ्यात." दुसऱ्या सामन्यात त्याने वाऱ्याखालून, छातीच्या उंचीने फेकायला सुरुवात केली, आणि संघ जिंकला. तिसराही जिंकला. मग त्याचा फोन आला, आणि आईशी बोलून झाल्यावर तो म्हणाला, "लोरीला दे." तिने फोन घेतला. "विनिपेगविरुद्धच्या सामन्याला येशील? आईला शेजारची डोरिस बघेल."

ती गेली. हिमकण उडत होते. शेवटच्या मिनिटाला मायलो खाली आदळला, उठला, आणि पुढच्याच चालीत त्याने फेकलेला चेंडू कोपऱ्यातल्या सोबत्याच्या हातात जाऊन विसावला आणि सामना जिंकला गेला. सारं मैदान उभं राहिलं. लोक त्याचं नाव घेत होते. लोरेटा मात्र बसूनच होती, कारण तिला दिसलं होतं की मायलो गुणफलकाकडे मान तिरकी करून, एक डोळा मिटून पाहत होता.

कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर तो तिच्याकडे हसत आला. "बघितलंस? मी संपलेलो नाही, लोरी."

"बघितलं."  आता गप्प बसलं तर भाऊ आपलाच होता. बोललं तर... "मायलो, तुला दोन दोन दिसताहेत का?"

त्याचं हसू विरलं. "नाही."

ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नुसती उभी राहिली. आतून सोबत्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या.

"हो," तो अगदी हळू म्हणाला. "कोणाला सांगू नकोस, असं म्हणणार होतो."

"मग म्हण."

त्याने नकारार्थी मान हलवली. तिची वाकडी करंगळी त्याने मुठीत धरली, आणि लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तशी धरूनच तो बोळाच्या टोकाच्या डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागला.

पुढे तो दोन सामने बाहेर बसला. प्रशिक्षकाने जागा राखली, मायलो परतला आणि मोसम संपेपर्यंत खेळला. वर्तमानपत्रांतून त्याच्या पुनर्जन्माच्या बातम्याही आल्या. पण लोरेटाच्या मनात राहिली ती त्या खोलीतली घटका.

डॉक्टरांनी त्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "या कोण?"

"माझी मोठी बहीण," मायलो म्हणाला. "मी आता जे सांगेन त्यात मी थोडं लपवीन, मला माझी खोड माहीत आहे. ही सांगेल ते खरं धरा."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "सांगा, काय दिसलं तुम्हाला?"

लोरेटाने बोलायला तोंड उघडलं आणि तिला कळायच्या आत तिच्या गालांवरून ऊन ऊन पाणी ओघळू लागलं. ते पुसायच्या भानगडीत न पडता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ती एकेक करून सांगू लागली. मायलो शेजारी मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याने तिला अडवलं नाही.