अभेद्य दाराशी थांबतो

"हा मरणार नाही ना?"

शेजारून आवाज आला, तशी संजनानं मान वळवली. देवळाली कॅम्पातला चित्रकलेचा क्लास आटोपून ती नाशिकरोडच्या बसमध्ये बसली होती. भुरभुर पाऊस खिडकीतून आत येत होता. टॅबवर पडलेले थेंब ओढणीनं टिपत ती आपल्या चित्रकथेतल्या नायकाच्या हातात डोंगर देत होती. शेजारच्या तरुणाच्या चष्म्यावरही थेंब साचले होते, आणि ओठांवर… चोरी पकडली गेल्यासारखं हसू.

"नाही मरणार," ती ताठ मानेनं म्हणाली. "नावच अभेद्य आहे त्याचं. त्याला काहीही होत नाही."

"मग डोंगर उचलताना चेहरा एवढा वाकडा कशाला?"

"दुसऱ्याच्या टॅबमध्ये डोकावायची सवय वाईट असते."

"वाईटच. पण बाहेर धुकं आहे, आणि कंडक्टर काही एवढे देखणे नाहीत."

संजनाला हसू आलं. रागही आला. कारण सकाळीच संपादक मनीषाताईंचा फोन आला होता. त्यांच्या ऑनलाइन कॉमिकमध्ये अभेद्य दोन वर्षं उडत होता, लढत होता, जिंकत होता. "चित्रं सुंदर आहेत गं," ताई म्हणाल्या होत्या, "पण वाचक गळतायत. त्याची कुणाला काळजीच वाटत नाही. पुढचा भाग जमला तर ठीक. नाहीतर निरोप देऊ त्याला."

का कोण जाणे, हे सगळं तिनं त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं.

"मी रविराज," उतरताना तो म्हणाला. "फिजिओथेरपिस्ट. कॅम्पाच्या बाजारात माझं छोटंसं क्लिनिक आहे. माझ्याकडे सगळे अभेद्यच येतात. या की एकदा बघायला."

ती गेली. चित्रासाठी म्हणून गेली, असं तिनं स्वतःला बजावलं…

दूर तोफखान्याचा सराव चालू होता. मधूनच धडाम्‌ व्हायचं आणि क्लिनिकच्या काचा थरथरायच्या. सतरंजीवर निवृत्त सुभेदार सावळीराम बसले होते. नांदगावकडचा माणूस, रुंद छाती, पिळदार मिशा. गुडघ्याचा व्यायाम झाला होता आणि आता त्यांना उठता येत नव्हतं. एकदा प्रयत्न झाला, पुन्हा झाला. संजना नकळत पुढे सरकली.

"नको!" सुभेदार कडाडले. "लय तोफा वढल्यात या हातांनी. मी म्हातारा झालो नाय."

रविराजनं हात पुढे केला नाही. तो सरळ त्यांच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसला.

"साहेब, माझाच पाय आखडलाय. जरा धरून उठवता का?"

सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलं. सोंग त्यांच्या लक्षात आलं असणारच. तरी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवून त्याचा दंड घट्ट पकडला आणि दोघं एकमेकांच्या आधारानं उभे राहिले.

संजनाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिला त्या दोन हातांचं चित्र काढायचं होतं, पण ती रविराजकडेच बघत बसली.

चहा पिताना तिनं विचारलं, "अभेद्यची शक्ती काढून घेऊ का मी?"

"छे! सुभेदारांची ताकद कुठं गेलीय? अजून बुलेट ढकलतात. फक्त 'हात दे' एवढं म्हणता येत नाही."

"म्हणजे ताकदीनं सुटणार नाही असं काहीतरी हवं…"

"हो. एखादी मुलगी, समजा—" तो थांबला, आणि निवलेल्या चहावर उगाच फुंकर घालू लागला.

मग रोजच संध्याकाळी तो त्याच बसला दिसू लागला. कधी भाजलेलं कणीस निम्मं निम्मं व्हायचं, कधी एकाच छत्रीत दोघांचे एकेक खांदे भिजायचे. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

आणि एक दिवस तो म्हणाला, "पुण्याच्या एका हॉस्पिटलनं बोलावलंय. वर्षभर शिकायला मिळेल. पुढच्या आठवड्यात जायचंय."

"अरे वा! अभिनंदन!" संजना इतक्या मोठ्यानं म्हणाली, की पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं.

घरी येऊन तिनं दार लावून घेतलं आणि चित्र काढायला बसली. या भागात लढाई नव्हती. फुटणारं धरण सावरून आलेला अभेद्य एका मुलीच्या दाराशी उभा होता. बोट बेलपर्यंत गेलं… मागे आलं. बेल न दाबताच तो चालत घरी निघाला. उडालासुद्धा नाही.

भाग आला आणि वाचक तुटून पडले. 'अरे बावळटा, दाब ना बेल!' 'धरण सावरतोस आणि बेल दाबता येत नाही?' एकानं एवढंच लिहिलं होतं, 'मीपण असाच परत आलो होतो.'

"रडले गं मी," मनीषाताई फोनवर म्हणाल्या. "थांबवायचा नाही आता हा."

संजनाला आनंद झाला. पण ज्याला पहिल्यांदा सांगायचं होतं, तो सामान बांधत होता. ती तडक क्लिनिकमध्ये गेली. भिंतीवरचे तक्ते उतरले होते. रविराज खोक्याला दोरी बांधत होता.

"वाचला मी भाग," तो म्हणाला. "का परत गेला तो?"

"घाबरला."

"एवढा बलवान माणूस?"

"रविराज, थांब… मला बोलू दे. चित्रात सोपं असतं सगळं." तिनं दोरीचं दुसरं टोक धरलं. "तू आवडतोस मला. जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. जा, शीक. पण हे न सांगता तुला जाऊ दिलं असतं ना, तर मला झोप लागली नसती."

दोरी त्याच्या हातून सुटली. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"माझी खोली कुठंय, माहितीय तुला?" तो हळूच म्हणाला. "इथंच. क्लिनिकच्या वर."

"काय? मग रोज नाशिकरोडला उतरून…"

"समोरून परतीची बस पकडायचो. पहिल्या दिवशी खरंच काम होतं गं. नंतर… नव्हतं."

संजना हसता हसता रडायलाच लागली. "आणि एक शब्द बोलला नाहीस!"

"म्हणालो ना, माझ्याकडे सगळे अभेद्यच. डॉक्टरसकट." तो जवळ आला. "दर शनिवारी येईन मी. वर्ष संपलं की कायमचा. थांबशील?"

"थांबेन. पण आत्ता घरी चल."

"कशाला?"

"आईला सांगायचंय."

"आजच?" त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "शर्ट तरी बदलू दे!"

बसची वाट पाहण्याइतका धीर कुणालाच नव्हता. त्यांनी रिक्षा केली. ओल्या रस्त्यावर दिव्यांची पिवळी रांग पळत होती. संजनानं त्याचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार पडला होता.

"घाबरलास?"

"खूप."

"मीपण," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला तिनं घराची गल्ली दाखवली.