निर्भय ग्राहक

टाळेबंदीच्या काळात तिळारी नदीच्या काठच्या त्या बाजारपेठेत सकाळी फक्त दोन दुकानांची दारे उघडत. एक औषधांचे, दुसरे वृषाली सातार्डेकर यांचे काडतुसांचे. परगावच्या माणसास याचे नवल वाटले असते. परंतु ज्या मुलुखात रानडुक्कर एका रात्रीत वर्षाचे भात लोळवते, तेथे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि एकनळी बंदूक या गोष्टी नांगराइतक्याच घरगुती होत. साथ आली म्हणून जनावरे काही घरी बसत नाहीत.

विक्रीवर निर्बंध मात्र कडक होता, आणि तो पाळण्याचे काम एका यंत्राकडे सोपविलेले होते. मागील साथीत शहरोशहरी लोकांनी धान्यापाठोपाठ शस्त्रे खरेदी केली. पुढे भयाने त्यांची मती फिरली. कोणी दार ठोठावणाऱ्या शेजाऱ्यावर गोळी झाडली, कोणी अंधारात घरी परतलेल्या सख्ख्या मेहुण्यावर. तेव्हा जाणकारांनी विचार केला, की शस्त्र वाईट नसून भ्यालेला हात वाईट आहे. त्यातून भयमापी जन्मास आला. गल्ल्यावर बसविलेली ही काळी पाटी तिच्यावर ठेवलेल्या तळहाताची नाडी, घाम व कंप पाही, आणि वरचे छोटे भिंग डोळ्यांच्या बाहुल्या निरखी. हिरवा दिवा लागला तर काडतुसांचा खण आपोआप उघडे, तांबडा लागला तर बंद राही. गावकरी त्यास 'भियाचो दिवो' म्हणत.

त्या सकाळी झिलूतात्या गवस यांनी पाटीवर तिसऱ्यांदा हात ठेवला आणि दिवा तिसऱ्यांदा तांबडा झाला.

"ग्राहक भयग्रस्त आहे. विक्री करू नये," यंत्र शुद्ध भाषेत म्हणाले.

"ह्या मेल्याचा माझ्याशी कसला वैर आसा?" तात्या मुखपट्टीआडून कडाडले. "लग्नाच्या दिवशी माझी छाती हेच्यापेक्षा जास्त धडधडत होती. तेव्हा भटजीन काय लगीन थांबवल्यान?"

वृषालीताईंना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. वडिलांच्या पश्चात वीस-बावीस वर्षे हे दुकान चालविणाऱ्या त्या बाईंना तात्यांचा स्वभाव पाठ होता. "तात्या, बाहेर सावलीत बसा. जरा थंड झालात काय परत येवा."

"हत्ती परसात उभे आसत आणि मी थंड होव? मी काय बर्फ?"

तात्यांचे म्हणणे खरे होते. टाळेबंदीमुळे वनखात्याची गस्त बंद पडली होती आणि डोंगरातून उतरलेले हत्ती भाताच्या वासाने थेट घरांपर्यंत येत होते. तात्यांना कोणाला मारावयाचे नव्हते. आकाशात दोन बार काढून कळप हाकलावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्यांचे भय खरे होते आणि कायदा भयाचे कारण विचारीत नसे. ते पुटपुटत बाहेर गेले व रस्त्यावर आखलेल्या चुन्याच्या वर्तुळात उभे राहिले.

इतक्यात रूपेश मळीक आला. चाळिशीचा, केळीची बाग असलेला, पूर्वी हत्ती परतवून लावण्यात पटाईत म्हणून नाव मिळविलेला गृहस्थ. खांद्यावर बंदूक होती. त्याने न सांगता पाटीवर हात ठेवला.

दिवा क्षणात हिरवा झाला. एवढा स्वच्छ हिरवा रंग वृषालीताईंनी साथ सुरू झाल्यापासून पाहिला नव्हता.

"ग्राहक निर्भय आहे. विक्री करावी." खण टक् असा आवाज करून उघडला.

"बघा!" तात्या वर्तुळातून ओरडले. "माणूस असो व्हयो. आमी आपले वांग्यासारखे तांबडे-निळे होतंव."

काडतूस देण्यापूर्वी त्या पेठेत विक्रेत्याने एक प्रश्न विचारावयाचा, अशी जुनी रीत होती. डुकरासाठी जाड छरा, माकडास भिववण्यासाठी बारीक, नुसत्या आवाजासाठी बिनछऱ्याचे. चुकीचे काडतूस घेऊन गेलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी भांडावयास येई, म्हणून गिऱ्हाईकही उत्तर देताना चोखंदळ असे.

"कोणाक?" वृषालीताईंनी विचारले.

"कसलाय दी. चलात."

त्यांचा हात खणावरच थांबला. कसलेही चालेल, असे त्या गल्ल्यावर आजवर कोणी म्हटलेले त्यांना आठवेना.

"किती?"

"एक."

"रूपेश, आवस बरी मां?"

"गेली," तो म्हणाला. "अक्षतापण गेली. आई सोमवारी, ती गुरुवारी." बाजारच्या गाडीची वेळ सांगावी, अशा स्वरात त्याने आई व पत्नी यांचे मरण सांगितले. त्याच्या हाताखाली दिवा हिरवाच होता. किंचितही थरथरला नाही.

तेव्हा वृषालीताईंना जे उमगले, ते भयमापी घडविणाऱ्या विद्वानांना उमगलेले नव्हते. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही उरले नाही, त्याला भय कशाचे वाटणार? ज्याचा निश्चय झालेला आहे, त्याची नाडी कशास धावेल? त्यांनी खण लोटला व त्यावर दोन्ही हात ठेवले.

"विक्रीस विलंब होत आहे," यंत्र म्हणाले. "निर्भय ग्राहकास नकार देणे हा गुन्हा आहे. नियंत्रण कक्षास कळविण्यात येत आहे."

"ताई, दी ना," रूपेश शांतपणे म्हणाला. "माका उशीर होता."

"खंय जावचा आसा तुका?"

पोलिसांना बोलवावे तर ठाणे घाटाच्या पलीकडे. समजूत घालावी तर एवढ्या शांत माणसाची समजूत कोणत्या बाजूने घालावी? ताईंची नजर दाराकडे गेली. तेथे तात्या घाम पुसत उभे होते. त्यांच्या ध्यानात काहीच आलेले नव्हते. भयाने ते अगदी भरलेले होते, आणि त्या घटकेस ताईंना त्याच वस्तूची निकड होती.

"तात्या, आत येवा! घराकडे कोण आसा तुमच्या?"

"कोण असतला? भामा एकटी! कमरेन अधू, माळ्यावर चढान बसली हा. शिडी हत्तीन मोडून टाकल्यान. मगाशी फोन केल्यान, खालती भिंत घासतत म्हणान सांगी होती." तात्यांनी दोन्ही हात पुढे केले. "माझे हात बघ कसे कापतत. मी एकटो जावन काय करतलंय? डबोसुद्धा वाजवूक गावाचो नाय माका."

"तर मग रूपेशाक घेवन जावा," ताई म्हणाल्या. "हेका भिया वाटणा नाय. यंत्रच सांगता."

"ताई, माझ्यान आता काय एक होवचा नाय," रूपेश म्हणाला.

परंतु तात्या कोठले ऐकतात? सहा फुटांचा नियम, चुन्याचे वर्तुळ, सारे विसरून ते पुढे आले व त्यांनी रूपेशचे मनगट धरले. "अरे झिला, गेल्या साली तूच मां कळप नदीपलीकडे घातलंस? भामान तुका घावणे करून घातले, तेव्हा म्हणालस, काकी, हत्ती इलो तर माका सांग. आता सांगतंय मरे! ती वर बसान माझी वाट बघता, आणि मी हंय तांबडो होवन उभो आसंय!"

रूपेशचा हात अजून पाटीवरच होता.

"माळ्यावर भात आसा?" त्याने हळूच विचारले.

"सगळा तिच्या बाजूकच आसा."

"आणि ती भाताकडेच बसली हा?" रूपेशचा स्वर बदलला. "अरे, हत्ती भातासाठीच सोंड घालतलो! तिका सांगलास नाय, दुसऱ्या कोपऱ्यात जा म्हणान? फोन लाव! आधी फोन लाव तिका!"

हिरवा दिवा पिवळा झाला. तात्यांच्या फोनची घंटा वाजत राहिली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. कोणी उचलीना. रूपेशच्या कपाळावर घाम डवरला, बोटे थरथरू लागली आणि दिवा तांबडाभडक झाला.

"ग्राहक भयग्रस्त आहे. विक्री रद्द." खणाचे कुलूप बसले.

वृषालीताईंनी इतका लांब श्वास सोडला, की मुखपट्टी फुगली. आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकास मिळालेल्या नकाराने त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

फोनवर अखेर भामाकाकींचा आवाज आला. "कित्याक बोंबलतास? मी सोंडेर मुसळ मारी होतंय!"

रूपेशच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडले. साथ सुरू झाल्यापासून तो प्रथमच रडला असावा. मग डोळे पुसून त्याने भराभर सांगण्यास सुरुवात केली. सुक्या मिरच्या, गोणपाट, पत्र्याचे डबे; वाऱ्याच्या दिशेने धूर करावयाचा, नदीकडची वाट मोकळी सोडावयाची. काडतुसाचे त्याने नावही काढले नाही.

"बंदूक हंयच ठेव," ताई म्हणाल्या. परवानाधारकांच्या बंदुका दुकानात सुरक्षित ठेवून घेण्याची सोय होतीच. "मिरच्या आणि डबे वाहायचे तर हात रिकामे व्हये."

रूपेशने त्यांच्याकडे पाहिले. आपल्या मनातले यांना कळले आहे, हे त्याला त्या वेळी समजले. त्याने मान खाली घातली, खांद्यावरून बंदूक उतरविली आणि गल्ल्यावर ठेवली. मग दोघे भ्यालेले पुरुष एकाच मोटारसायकलवर बसून गेले.

दुपारी तात्यांचा फोन आला. कळप नदीपार झाला होता, भामाकाकी सुखरूप खाली उतरल्या होत्या. "रूपेश पेज जेवता. आज हंयच ऱ्हवतलो. उद्याय ऱ्हवतलो. भामा तेका सोडणा नाय, शिडी करून व्हयी म्हणता." ताईंनी पदराने डोळे टिपले. मग आरोग्य केंद्रातील समुपदेशक बाईंना फोन करून त्यांनी रूपेशविषयी सर्व सांगितले.

थोड्या वेळाने नियंत्रण कक्षातून एका तरुण अधिकाऱ्याने विचारणा केली. "बाई, यंत्राने पात्र ठरविलेल्या ग्राहकास तुम्ही काडतूस का दिले नाही? तुमचा परवाना रद्द होऊ शकतो."

वृषालीताईंनी घडलेली हकिगत जशीच्या तशी सांगितली.

"पण यंत्र चुकले नाही," तो म्हणाला. "त्याला भय नव्हतेच."

"यंत्र नाही चुकले, साहेब. आपण त्याला चुकीचे विचारले."

पलीकडून संगणकाच्या कळा दाबल्याचे आवाज ऐकू आले. पुन्हा तो बोलला तेव्हा त्याचा सरकारी स्वर हरपला होता.

"बाई, या आठवड्यात जिल्ह्यात हिरवा दिवा लागून काडतुसे नेलेली माणसे माझ्यासमोर यादीत दिसत आहेत. बरीच आहेत. मी एकेकाला आत्ता फोन लावतो." तो घुटमळला. "पण त्यांनी फोन उचलला, की पहिला प्रश्न काय विचारू?"