तिसरी पदमुद्रा

पिकअप चाचणीमंचावर चढवलेली होती. मागची दोन्ही चाकं हवेत होती आणि प्रयोगशाळेतली इंजिनिअर नसीमा बागवान डावं चाक हाताने पुढे फिरवून उजव्याकडे बघत होती. उजवं चाक उलट्या दिशेने फिरलं. तिने मंचावरची कळ दाबली आणि डावं चाक पुन्हा फिरवलं. या वेळी दोन्ही चाकं एकाच दिशेने, जोडीने फिरली.

"सुटतंही नीट आणि जुळतंही नीट," ती म्हणाली. "यंत्रात काहीच बिघाड नाही."

"मग टायर का खाल्ले जातात?" उत्तरेश्वर लोमटेने विचारलं. त्याच्या आवाजात चीड होती. सांगोल्याच्या डीलरनेही हेच ऐकवलं होतं. त्याने आधी डिफरन्शियलचं तेल बदललं, मग त्यातल्या चकत्या बदलल्या, आणि शेवटी हात टेकून गाडी कंपनीच्या शिक्रापूरच्या हमी-निदान प्रयोगशाळेत पाठवली होती. मागचे नवे टायर पुन्हा कडेने झिजले होते, आणि तेल काढलं तेव्हा ते डांबरासारखं काळं निघालं होतं.

उत्तरेश्वर आणि त्याची बायको वृषाली मधमाश्या भाड्याने देत. रानातल्या माश्या नाहीशा झाल्यापासून डाळिंबाच्या बागांना फुलोऱ्यात पेट्या आणून ठेवाव्या लागत, आणि या दोघांची पिकअप भर हंगामात बागेबागेत फिरत असे. त्या बागांमध्ये ठिबकच्या पाण्याने कायम चिखल असायचा, म्हणून त्यांनी मुद्दाम ही महागातली, घसर-रोधक डिफरन्शियलची गाडी घेतली होती. पेट्या उतरवायची वेळ ठरलेली असायची. गाडी आठ दिवस उभी राहिली तर फुलोरा निघून जाणार होता आणि हंगाम हातचा जाणार होता.

"तुम्हा दोघांपैकी कुणाला वळणावर मागून कटकट ऐकू येते? गाडी मागून उड्या मारल्यासारखी होते?" नसीमाने विचारलं.

"मला तर कधीच नाही," वृषाली म्हणाली.

"मलाही नाही," उत्तरेश्वर म्हणाला, आणि त्याने बायकोकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात तो तिच्याकडे असंच बघत आला होता. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सापडेल, या हिशेबाने.

त्याला कारण होतं, असं त्याला वाटे. बसवराज कोरे नावाचा बागायतदार होता. त्याची मोठी बाग होती, गाणं ऐकावं तसा तो माश्यांचा गुंजारव ऐकत बसे, आणि वृषाली त्याच्याकडे पेट्या टाकायला गेली की घरी उशिरा परत येई. येई तेव्हा खुशीत असे. कोरे म्हणाले असं, कोरेंनी राणीमाशी ओळखली, कोरेंच्या बागेत फळधारणा काय सुंदर झाली. उत्तरेश्वर हं हं करत जेवत राही. तो स्वतः कधी कोरेच्या बागेत गेला नव्हता. जाऊन आपण काय बघणार आहोत, याची त्याला भीती वाटे.

हमी विभागाचे केळुसकर आत आले. पोशाखाने आणि स्वभावाने चापचोप माणूस. ते म्हणाले, "मॅडम, यांत्रिक दोष नसेल तर आमच्याकडून हा विषय संपला. गैरवापर."

"थांबा. अजून नियंत्रक उघडलेला नाही," नसीमा म्हणाली. मग तिने दोघा नवरा-बायकोंना जवळ बोलावलं. "साधं डिफरन्शियल असतं ना, ते वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देतं. ते चांगलंच आहे. पण एक चाक चिखलात गेलं की सगळा जोर त्या रिकाम्या फिरणाऱ्या चाकाकडे जातो आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून दोन्ही चाकं गरजेपुरती एकमेकांना बांधावी लागतात. तुमच्या गाडीत ते काम चुंबकद्रव करतो. लोखंडाची बारीक पूड मिसळलेलं तेल. चुंबक लावला की घट्ट होतं, काढला की पातळ."

"आणि ते कधी घट्ट करायचं, हे कोण ठरवतं?" वृषालीने विचारलं.

"तिथेच मेख आहे," केळुसकर म्हणाले. या यंत्राचा त्यांनाही अभिमान होता. "चाक घसरल्यावर बांधून उपयोग नाही, उशीर झालेला असतो. घसरण्याआधीच बांधायला हवं. म्हणजे चालक पुढच्या क्षणी काय करणार, हे यंत्राला आधी कळलं पाहिजे."

"म्हणून ते तुमचा पाय शिकतं," नसीमा म्हणाली. "ॲक्सिलरेटर दाबायची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. किती झटक्याने, वळणाच्या कुठल्या टप्प्यावर, सोडताना कसा. बोटांच्या ठशासारखीच. आम्ही तिला पदमुद्रा म्हणतो. पाय ओळखला की यंत्राला माणूस कळतो, आणि त्याच्या सवयीप्रमाणे ते तयार राहतं. नाव, गाव, तारीख यातलं काही ते ठेवत नाही. तेवढी जागाच नाही त्यात. फक्त पाय."

तिने तार जोडली. पडद्यावर रेषा उमटल्या. केळुसकरांनी मान पुढे काढली.

"गाडी कोण कोण चालवतं?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघंच."

"इथे तीन पदमुद्रा आहेत."

उत्तरेश्वरच्या कानात एकदम दडे बसल्यासारखं झालं. पडद्यावर तीन रेषा होत्या. पहिली मऊ, लाटेसारखी. दुसरी तिच्याहून सावध, पण एकसारखी. तिसरी करवतीच्या दातांसारखी.

"बिघाड हाच आहे," नसीमा म्हणाली. "हा तिसरा माणूस ऐन वळणात ॲक्सिलरेटर हाणतो. म्हणून त्याचा पाय ओळखला की यंत्र आधीच धास्तावतं आणि चाकं घट्ट बांधून टाकतं. कोरड्या डांबरावरसुद्धा. चाकं बांधलेली आणि रस्ता कोरडा, म्हणजे वळणावर एक चाक फरफटणारच. टायर त्यानेच झिजले. तेल त्यानेच जळलं."

"कोण आहे तो?" उत्तरेश्वरने विचारलं. विचारलं नसीमाला, पण बघत होता वृषालीकडे.

"मला काय माहीत?" वृषाली म्हणाली. मग थोडं आठवून म्हणाली, "कोरेंनी एकदा फाटकातून गाडी मागे घेऊन दिली होती. रस्ता अरुंद होता."

"एकदा?"

"एकदाच."

"एकदा चालवून मुद्रा तयार होत नाही," नसीमा सहज बोलून गेली. "पुष्कळ चालवावी लागते. हा माणूस नेहमीचा आहे."

आपण काय बोललो ते तिच्या नंतर ध्यानात आलं. उत्तरेश्वरचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. वर्षभर जे त्याने मनाशी रंगवलं होतं, ते आता एका यंत्राने सांगितलं होतं, आणि यंत्राला खोटं बोलायचं कारण नव्हतं. कोरे स्टिअरिंगवर बसलेला त्याला दिसला. शेजारी वृषाली. काच खाली केलेली. आपण कर्ज काढून घेतलेली गाडी, आपली बायको, आणि तो माणूस रुबाबात वळणं घेतोय.

"सांग ना मग," तो चारचौघांत म्हणाला. "कुठवर जायचात दोघं? पंढरपूरपर्यंत? की आणखी पुढे?"

"अहो, शुद्धीवर या." वृषालीचा आवाज खाली होता. "गाडी मी कुणाला दिलेली नाही."

"मग हे यंत्र खोटं?"

"ते मला माहीत नाही. मी खोटी नाही."

केळुसकर घसा खाकरून म्हणाले, "तुमचं घरगुती तुम्ही बघा. पण नोंद नसलेला चालक असेल तर हमी लागू होत नाही. मला तसं कळवावं लागेल."

नसीमाने त्यांना हाताने थांबवलं. "आधी कुठली मुद्रा कुणाची ते बघू. धावपट्टीवर चालवून दाखवा दोघांनी. पडदा मी गाडीतच लावते."

प्रयोगशाळेच्या मागे चाचणीची गोल धावपट्टी होती. आधी वृषाली बसली. चारचौघांतलं ते बोलणं तिच्या मनातून गेलं नव्हतं, पण पाय मात्र रोजच्यासारखा पडत होता. पडद्यावर आकडा उमटला आणि तसाच राहिला. पहिली.

मग उत्तरेश्वर बसला. नसीमा शेजारी, वृषाली मागच्या सीटवर. आता त्याला एक विलक्षण शांतपणा आला होता. परीक्षेचा निकाल आपल्याच बाजूने लागणार, हे ठाऊक असलेल्या माणसाचा. आपण निर्दोष आहोत एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. त्याने गाडी जपून सोडली, वळणं अलगद घेतली.

दुसरी.

"बघा," तो म्हणाला. "पहिली ती. दुसरा मी. आता तिसरा कोण ते तिला विचारा."

मागे वृषालीने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. एवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो कापला. पुन्हा वाजला. शेवटी तिने उचलला.

"हां, कोरेसाहेब. नाही, गाडी अजून इकडेच आहे... हो, माहितीय, फुलं उमललीत. दोन दिवस सांभाळून घ्या." पलीकडून कोरे काहीतरी बोलला. इतकं झाल्यावरही वृषालीला त्यावर हसू आलं. अगदी एवढंसं. "नाही हो, रागावल्या तर माश्या मलाच चावतील, तुम्हाला कशाला?"

समोर वळण होतं. उत्तरेश्वर ते घेत होता, पण त्याला वळण दिसत नव्हतं. त्याला ते एवढंसं हसू ऐकू येत होतं. घरात ते किती दिवसांत ऐकलं नव्हतं, याचा तो हिशेब करत होता. गाडी कधी पुढे झेपावली, त्याला कळलं नाही. मागून खडखडाट झाला, मागचा भाग थरथरत उडी मारल्यासारखा हलला आणि टायर किंचाळले.

"ऐकू आलं?" नसीमाने विचारलं.

"काय?"

"हे."

"मला काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

नसीमाने पडद्याकडे बोट केलं. तिथे आकडा बदलला होता.

तिसरी.

तिच्या सांगण्यावरून त्याने आणखी एक फेरी मारली. फोन बंद झाला होता, पण त्याच्या डोक्यात तो चालूच होता. प्रत्येक वळणावर मागून खडखडाट होत होता, आणि आता, ऐकायचं म्हणून ऐकलं तेव्हा, तो त्याला ऐकू येत होता. आकडा हलला नाही. त्याने गाडी कडेला घेतली. वृषाली दार उघडून उतरली आणि एकटीच इमारतीकडे चालू लागली.

मंचापाशी परत आल्यावर केळुसकरांना सगळं सांगितलं गेलं. ते पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले. "एका माणसाच्या दोन पदमुद्रा? असं होऊ शकत नाही."

"आपण धरून चाललो होतो की होऊ शकत नाही," नसीमा म्हणाली. "एक माणूस, एक पाय. यंत्राला तसं कुणी सांगितलं नव्हतं. त्याने जे दिसलं ते नोंदवलं. दोष रचनेचा आहे, केळुसकर. हमी लागू आहे. मी तसा अहवाल देते. नवं तेल भरलंय, गाडी आजच नेऊ द्या त्यांना."

केळुसकर मान हलवत निघून गेले. उत्तरेश्वर उभाच होता. माफी मागावी असं त्याच्या मनात होतं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं. शेवटी तो नसीमालाच म्हणाला, "पुसून टाका ती तिसरी. आत्ताच्या आत्ता."

"पुसता येईल. पण मुद्रा पुसल्याने पाय बदलत नाही. तो परत आला की यंत्र त्याला नवखा समजून पुन्हा शिकेल."

"आणि दुसरी?" वृषालीने विचारलं. परत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

नसीमा थोडी घुटमळली. "यंत्राची स्मृती लहान असते. जी मुद्रा वापरात राहत नाही, ती फिकट होत जाते आणि शेवटी आपोआप गळून पडते. तिच्या जागी बराच काळ तिसरीच येत असावी. दुसरी जवळजवळ मिटायला आली होती. आज धावपट्टीवर उमटली म्हणून थोडी ताजी झाली, इतकंच."

"ती ठेवता नाही येणार? कायमची?"

"ठेवणं माझ्या हातात नाही. त्या माणसाने गाडी चालवायला हवी."

वृषाली पडद्याजवळ गेली. दुसरी रेषा तिने बराच वेळ पाहिली. सावध, एकसारखी, कुठेही हिसका नसलेली. लग्नानंतर पहिल्या दोन वर्षांत, आपापली झोप सांभाळत, आळीपाळीने चालवत ती दोघं पेट्या घेऊन पार लातूरपर्यंत जायची. तेव्हा तिला या पायाच्या भरवशावर मागच्या सीटवर गाढ झोप लागायची. तिने बोट लावून ती रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गिरवली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं. वर्षभर उत्तरेश्वर तेच शोधत होता, आणि कोरेच्या नावावर जमा धरत होता.

त्याच्या मनात पुन्हा तोच जुना मत्सर जागा झाला. पण या वेळी समोर कोरे नव्हता. ज्या माणसाकडे ती तसं बघत होती, त्याचा उत्तरेश्वरला हेवा वाटला. त्या माणसावर तिने विश्वास ठेवला होता. उत्तरेश्वर त्याला ओळखत होता, पण आता तो कुठे सापडेल ते त्याला माहीत नव्हतं.

"वृषाली," तो म्हणाला. "माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. तेवढ्याने भागणार नव्हतं, हे त्यालाही कळलं.

मग तिने फोन काढला आणि त्याच्या देखत नंबर लावला.

"कोरेसाहेब, उद्या सकाळी पेट्या घेऊन हे येतील. नाही, मी नाही, हे एकटेच. तुमच्याकडे पहिल्यांदाच येतायत, फाटक दाखवा त्यांना. आणि जेवायला थांबवून घ्या."

तिने फोन ठेवला. मंच हळूहळू खाली आला आणि पिकअपची मागची चाकं जमिनीला टेकली. कोरेच्या बागेचा रस्ता त्याला ऐकून माहीत होता. धरणाच्या कडेकडेने जाणारा, लांबचा, आणि सगळा वळणांचा.