डोमिनोचा अर्धा डाव

कामागुएय शहरात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि नेरेइदाच्या ते पथ्यावरच पडत होतं. भाचा योआन्द्री घरच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकायला आला की ती दिव्याकडे बघून म्हणायची, "आज नको रे बाबा. मध्येच वीज गेली तर हे धूड कायमचं बसेल."

"मावशी, तुझ्या 'आज नको'ला वर्ष होत आलं. नातीला काय थेट लग्नात बघणार आहेस?"

हे मात्र तिला झोंबायचं. मुलगी लिस्बेत परदेशात, टँपाला. तिने कुणाच्या तरी हाती नवा कॅमेरा धाडला होता, पण जुन्या सिस्टीमवर तो चालत नव्हता. नातीला हसताखेळताना नेरेइदाने अजून पाहिलंच नव्हतं. जीव तुटायचा तिचा.

तरी ती टाळत होती, आणि खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

नवरा एवेलियो गेला तेव्हा कॉम्प्युटरवर दोघांचा डोमिनोचा डाव अर्धा राहिला होता. जुनाट खेळ तो. एकाने सोंगटी लावायची, मग खुर्ची दुसऱ्याला द्यायची. यंत्र स्वतः काही खेळत नसे. पुढे एकदा करमेना म्हणून तिने आपली सोंगटी लावली आणि पावाच्या रांगेला गेली. परतली तर पुढची सोंगटी लागलेली. दाराचं कुलूप जसंच्या तसं.

तेव्हापासून रोज हेच. वीज जायची, यंत्र बंद पडायचं, पण वीज आली की डाव होता तिथून सुरू. एक संपला की दुसरा. खेळायची तऱ्हाही त्याचीच. नऊ-नऊची, सगळ्यात जास्त ठिपक्यांची जड सोंगटी शहाणा माणूस आधी टाकून मोकळा होतो. एवेलियो ती शेवटपर्यंत दाबून धरायचा आणि हटकून हरायचा. "मेलास तरी अक्कल आली नाही," ती पडद्याला म्हणायची आणि डोळे पुसायची.

नव्या सिस्टीमवर हा खेळ चालणार नव्हता. योआन्द्रीने ते स्पष्टच सांगितलं होतं.

मग एके दिवशी लिस्बेतचा फोन आला. "आई, पोरगी उभी राहिली गं. तू हवी होतीस."

नेरेइदा पडद्यासमोर जाऊन बसली. "एवेलियो, मला नातीला बघायचंय," ती म्हणाली. "तुला सोडवत नाही. पण बघायचंय." सोंगटी लावली आणि पावाला गेली.

आली तर नऊ-नऊ पडली होती. हातात बाकीच्या सोंगट्या असताना त्याने ती टाकली होती, आयुष्यात पहिल्यांदा. हा निरोपच, असं तिने धरलं, आणि पोटभर रडून घेतलं.

रविवारी योआन्द्रीने नवी सिस्टीम टाकली. वीज दिवसभर गेली नाही.

दुपारी पडद्यावर नात आली, दोन दात दाखवत. नेरेइदा तिला डोळे भरून बघत राहिली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ती स्वतः दिसत होती, अगदी कडेला.

"आई, मध्ये बस ना," लिस्बेत म्हणाली.

ती सरकली. चित्रही सरकलं. ती पुन्हा कडेलाच.

"हा कॅमेरा माणसं शोधतो, मावशी," योआन्द्री स्वयंपाकघरातून म्हणाला. "जेवढी बसलीत तेवढी आपोआप मधोमध घेतो. एकटी असलीस तर बरोबर मध्ये दिसशील."

नेरेइदाने शेजारी पाहिलं. तिथली खुर्ची रिकामी होती.

चौकटीतलं चित्र जरासं मागे गेलं, दोघं नीट मावतील एवढं, आणि स्थिर झालं.