फौजदार शांत झाला

माझं काम तसं साधं आहे. ज्या घरात मांजर चावतं, ओरबाडतं, अंगावर धावून येतं, त्या घरी जायचं आणि ते कशानं बिथरलंय ते शोधायचं. जनावरांची डॉक्टर असले तरी सुया-टाके मी आता फारसे करत नाही. दवाखान्यात आणलेलं मांजर आपलं खरं रूप दाखवतच नाही, टोपलीच्या कोपऱ्यात डोळे विस्फारून बसून राहतं. त्याचं दुखणं त्याच्या घरी जाऊनच बघावं लागतं. आमचे हे म्हणतात, "लोकांच्या घरची भांडणं मिटवायला जातेस, तीही मांजरांची!" म्हणू देत. काम चाललंय.

त्या घरीसुद्धा मी अशीच एका दुपारी गेले. दुसरा मजला, भाड्याची जागा. दार उघडणाऱ्या बाईच्या पोटरीला बँडेज होतं आणि बोट ओठांवर.

"हळू या हं," ती कुजबुजली. "हे झोपलेत."

नवरा रुग्णालयात एक्स-रे काढायचा. कायमची रात्रपाळी. त्यामुळे त्या घरात दिवसा सगळं कुजबुजतच चालायचं. बाई लोकांना पडदे शिवून द्यायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे तागे, इस्त्रीचं टेबल आणि मशीनच्या तेलाचा वास. तिथून आत जाणारा लांबट, अंधारा पॅसेज. त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची खोली आणि अगदी टोकाला मुलीची खोली. मुलगी पहिलीत होती. शाळेतून आली की दोन घास खाऊन झोपायची.

तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर तो बसला होता. चांगला थोराड, राखाडी बोका. मिशा अशा की कुणालाही दोन प्रश्न विचारल्याशिवाय आत सोडणार नाही. नाव विचारायची गरजच नव्हती, तरी मी विचारलं.

"फौजदार," बाई म्हणाली. "अहो, इतका गरीब होता! पिल्लू असल्यापासून हिच्या उशाशी झोपतो. या जागेत आलो आणि काय झालं कुणास ठाऊक. दुपार झाली की उंबऱ्यावर जाऊन बसतो. अंग फुगवतो, गुरगुरतो. तेव्हा पॅसेजमधून कुणी गेलं की संपलंच. मी हिला दूध द्यायला जात होते, तर पोटरीचा लचकाच तोडला. टाके पडले. हे म्हणतात, आता इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याला. हिला कसं सांगू मी ते?"

चिडक्या मांजराचं आधी शरीर तपासायचं असतं. दात दुखत असेल, लघवीला त्रास होत असेल, तर मांजर बोलून दाखवत नाही, बोचकारून दाखवतं. मी जमिनीवर बसले, त्याच्याकडे थेट न बघता डोळे सावकाश मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मांजरांच्या भाषेत याचा अर्थ, माझ्या मनात काही काळंबेरं नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच आला आणि गुडघ्याला डोकं घासलं. मी त्याला नखशिखांत तपासलं. तब्येत ठणठणीत.

मग त्याची वेळ झाली असावी.

तो माझ्याजवळून उठला, उंबऱ्यावर जाऊन बसला आणि पॅसेजच्या पुढच्या टोकाकडे बघायला लागला. पाठीवरचे केस उभे राहिले. घशातून तो खालचा, सलग आवाज सुरू झाला. मी त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. काही नव्हतं. पाल नाही, झुरळ नाही. आणि पालीकडे किंवा झुरळाकडे मांजर ज्या नजरेने बघतं, तसा तो बघतही नव्हता. नजर वर होती. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं इतकी वर. ती हळूहळू सरकत पॅसेजच्या मध्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. तो जोरात फिसकारला. नजर थोडी मागे हटली.

"बघितलंत?" बाई माझ्या कानाशी म्हणाली.

"बघितलं," मी म्हणाले, आणि तिला समजेल असं समजावून सांगितलं. याला आमच्यात वेगळं नाव आहे, पण आपल्याकडे सरळ म्हण आहे, वड्याचं तेल वांग्यावर. मांजराला खिडकीबाहेर दुसरं मांजर दिसतं, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग जवळून जाणाऱ्यावर राग निघतो. पुढच्या खोलीच्या खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचांची तिरीप पॅसेजच्या भिंतीवर येत होती. नव्या जागेत आधीच बावरलेल्या बोक्याला तेवढं पुरे होतं. माझा तर्क असा होता, आणि तो वाईट नव्हता.

तेवढ्यात नवरा डोळे चोळत बाहेर आला. "डॉक्टर, माझी बायको आता त्या पॅसेजमध्ये भूत आहे म्हणायला लागलीय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तुमच्याने होत असेल तर करा, नाहीतर इंजेक्शन द्या. पोरगी लहान आहे माझी. उद्या तिच्या डोळ्यावर झेप घेतली तर?"

त्याचं चुकत नव्हतं. मी मुदत मागून घेतली.

उपाय नेहमीचेच. बाईने खिडकीला जाड पडदा शिवून लावला. बोक्याला लपायला पुठ्ठ्याचं खोकं, उंचावर बसायला कपाटावर फळी. ओरडायचं नाही, पाणी उडवायचं नाही, रागात असताना हात लावायचा नाही. जेवणाआधी काठीला दोरी बांधून त्याला दमेपर्यंत खेळवायचं. आणि मुख्य उपाय म्हणजे ज्याची भीती वाटते त्याची चांगल्या गोष्टीशी गाठ घालायची. गुरगुरण्याची वेळ झाली की त्याच्यापुढे त्याचा आवडता खाऊ ठेवायचा. आधी उंबऱ्यावर, दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे, मग आणखी थोडं पुढे. तो न गुरगुरता खाईल तेवढंच सरकायचं. घाई केली की सगळं मुसळ केरात.

बाई फार चिकाटीची होती. रोज संध्याकाळी मला फोन करायची. आज हातभर पुढे खाल्लं. आज गुरगुरला, पण फिसकारला नाही. आज मी जवळून गेले तरी मान वर केली नाही.

मधे मी एकदा बघायला गेले. फौजदार पॅसेजच्या मध्यावर बसून मजेत खात होता. मुलगी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "तुम्ही त्यांची गट्टी लावून दिलीत ना?"

"हो," मी म्हणाले. "आता आईला नाही चावणार तो."

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं, आणि मग मान डोलावली. मोठ्या माणसांना एखादी गोष्ट समजत नाही तेव्हा मुलं डोलावतात तशी.

निघताना पॅसेजमध्ये डांबराच्या गोळ्यांचा वास आला. जुनी ट्रंक उघडल्यावर येतो तसा. मी बाईला सहज म्हणाले, मांजर असलेल्या घरात त्या गोळ्या ठेवू नका, विषारी असतात.

"आम्ही वापरतच नाही हो," ती म्हणाली. "मलाही येतो कधीकधी वास. खालच्यांकडून येत असेल."

त्यानंतर थोड्याच दिवसांत फौजदार पूर्ण शांत झाला. पॅसेजच्या पार पुढच्या टोकाला बसून खायला लागला. शेपटी उभी ठेवून घरभर हिंडायला लागला. नवऱ्याने स्वतः फोन करून माझे आभार मानले, इंजेक्शनचा विषय काढला म्हणून जरा ओशाळलाही. मलाही बरं वाटलं. असं सरळ, पुस्तकात लिहिल्यासारखं यश आमच्या कामात क्वचितच मिळतं.

माझी मांजर न्यायची टोपली त्यांच्याकडे राहिली होती. ती आणायला म्हणून एका दुपारी गेले. बाई मशीनवर बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"चहा ठेवते. तोवर आत जाऊन बघा तर खरं तुमच्या पेशंटला," ती कुजबुजली. "दोघं गाढ झोपलीत. आता तो उंबऱ्यावर बसतच नाही. आतच असतो."

मी चपला काढून पॅसेजमधून गेले. जाड पडद्यामुळे आता तिथे तिरीप येत नव्हती. नवऱ्याच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. मागे मशीन पुन्हा सुरू झालं आणि मधेच थांबलं. डांबराच्या गोळ्यांचा वास या वेळी पॅसेजमध्ये नव्हता. तो मुलीच्या खोलीच्या दारापासून सुरू होत होता.

मुलगी कुशीवर झोपली होती. गालाखाली हात. पलंगाला लागून एक लाकडी खुर्ची होती, पलंगाकडे तोंड करून ठेवलेली, आजाऱ्याजवळ कुणी बसावं तशी. फौजदार त्या खुर्चीवर झोपला होता, अंगाचं वेटोळं करून. घुरघुर दारापर्यंत ऐकू येत होती.

मी हसले असेन. मग मला काहीतरी खटकलं. काय ते लगेच कळेना. तो नीट झोपला होता, श्वास सावकाश चालला होता... मी थोडी वाकून बघितलं.

खुर्चीच्या बैठकीवर तो नव्हता. त्याच्या पोटाखालून मला पलीकडची भिंत दिसत होती. बैठक आणि मांजर यांच्यात वीतभर अंतर होतं. एक पाय झोपेत खाली लोंबत होता, तोही बैठकीला टेकला नव्हता... आणि त्याच्या पाठीवरचे केस डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश दबत जात होते. शेपटीशी पोचले की पुन्हा डोक्यापासून. पुन्हा.

इतकी वर्षं मांजरं बघतेय. मांडीवर झोपलेलं मांजर कसं दिसतं ते मला कुणी सांगायला नको.

मी ओरडले नाही. का, ते माहीत नाही. झोपलेलं मांजर दचकवू नये ही हाडात मुरलेली सवय असेल. पलंगापाशी गेले, खुर्चीकडे न बघता. मुलीच्या मानेखाली आणि गुडघ्यांखाली हात घातला आणि तिला उचललं. ती अर्धवट जागी झाली.

"हळू..." ती माझ्या खांद्यावर पुटपुटली. "ती उठेल..."

मी तिला घेऊन पुढच्या खोलीत आले आणि बाईला म्हणाले, "चला. खाली चला आधी." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. चहाखालचा गॅस तेवढा बंद केला, नवऱ्याला हाक मारली आणि आमच्याबरोबर जिना उतरली.

नवरा मागून आला तो बऱ्याच वेळाने. फौजदारला काखोटीला मारून आला होता. चेहरा कागदासारखा पांढरा. आत जाऊन त्याने काय पाहिलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बोक्याला माझ्या हातात देत एवढंच म्हणाला, "डॉक्टर, याच्या पोटाला हात लावून बघा."

पाठ उबदार होती. पोट गार होतं. नुसतं गार नाही, तळघरातल्या फरशीसारखं गार. बराच वेळ पदराखाली धरल्यावर त्यात थोडी ऊब आली.

ती माणसं त्या घरात पुन्हा राहायला गेली नाहीत. काही दिवस मुलीच्या मामाकडे काढले, मग दुसरी जागा बघितली. सामान आणायला नवरा दोन मित्रांना घेऊन सकाळच्या उन्हात गेला होता. खुर्ची तिथेच सोडून आला. मुलगी आता दुसरीत आहे, तब्येत छान आहे, दात पडलेत, बडबड सुरू असते. फौजदार तिच्या उशाशी झोपतो. बाईचा मधूनमधून फोन येतो. तो कसा आहे विचारलं की म्हणते, "शांत आहे हो. कुणालाच काही म्हणत नाही आता." हे ती आनंदाने सांगते का, ते मला आवाजावरून ठरवता येत नाही.

मीही हे काम सोडलेलं नाही. मांजर बिथरलंय म्हणून बोलावणं आलं की जाते. फक्त आता आधी, ते कुठे बघतंय तिथे बराच वेळ बघत बसते. उपाय नंतर सांगते.

एक गोष्ट मात्र मी त्या घरच्यांना सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. मुलीला उचलून मी दारातून बाहेर पडत होते, तेव्हा मागे फौजदाराचे पाय जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. त्यात काही विशेष नाही. माणसाच्या हालचालीने मांजर उठतं, खाली उडी मारतं.

पण आधी खुर्ची करकरली होती. मांजर त्यानंतर उतरलं.