खिडकीवर धरलेले दोन कागद

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. म्हणजे अडकलो मी आणि बाबा. तो बाहेर होता. डोळ्यांच्या दवाखान्यातून खाली येताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली, दिवा गेला, आणि बऱ्याच वेळानं वरच्या फटीतून ग्रीसनं माखलेला एक हात आत आला.

"घाबरू नका हं… पाचच मिनिटं."

"घाबरलंय कोण? तुमचाच आवाज कापतोय," मी म्हटलं.

तो हसला. अंधारात नुसतं हसू ऐकू आलं, आणि उगाचच बरं वाटलं. दहा मिनिटांपूर्वीच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की बाबांचा डावा डोळा गेलाच आहे. उजव्याचे दोन-तीन महिने धरून चाला, कदाचित कमीच. तेव्हापासून बाबा एक शब्द बोलले नव्हते. आता एकदम म्हणाले, "रिले चिकटलाय रे. टक् आवाज अर्धाच आला."

बाहेरची खटपट थांबली. मग – "काका, तुम्ही काय करता?"

बाबा छापखान्यात जुळारी होते. जन्मभर शिशाच्या अक्षरांचे बारीक खिळे जुळवले, आणि घरी मागच्या खोलीत तीन टेबलं जोडून वीस वर्षं एक छोटी आगगाडी मांडली. पूल, बोगदा, फाटक, सगळं. फक्त शेवटचं स्टेशन राहिलं होतं. गाडीनं फलाटाच्या तोंडाशी लाल दिव्याला थांबावं, हिरवा झाला की आत यावं, आणि फलाटाच्या टोकाला इंजिनानं आपले आपण डबे सोडून निघून जावं. कोणी बोटही लावायचं नाही. एवढं बघायचं होतं त्यांना, डोळा आहे तोवर. त्या अंधारातच त्यांनी हे सगळं सांगून टाकलं.

"रविवारी येतो," लिफ्टवाला म्हणाला. बघायला म्हणून आला, आणि दर रविवारी येऊ लागला.

कामाची वाटणी बाबांनीच केली. सिग्नल आणि वायरिंग त्याच्याकडे. डबे सोडायची व्यवस्था माझ्याकडे, कारण मी दातांच्या कवळ्या बनवते आणि माझा हात बारीक कामाला बसलेला. रुळांखाली एक चुंबक बसवायचा. डब्यांची कडी ताणलेली असेल तर गाडी त्याच्यावरून खुशाल निघून जाते; पण थांबली, कडी जरा सैल पडली, की चुंबक ती उघडतो.

"चिमटा छान धरता तुम्ही," तो एकदा म्हणाला.

"सकाळी याच चिमट्यानं एका आजोबांची दाढ बसवली."

"…मग चहा राहू दे."

"का? चहा चिमट्यानं नाही ढवळत मी."

बाबा खुर्चीतून ओरडले, "ठमे, त्याला काम करू दे गं!" ठमी हे माझं घरातलं नाव. त्या दिवसापासून तो मला ठमाबाई म्हणायला लागला, आणि मी वरवर रागवायला.

बाहेर महिनाभर आभाळ नुसतं भरलेलं. पत्र्यावर पाणी टपटपत राहायचं, खोलीत डिंकाचा वास, आणि माझ्या मनात एकच हिशेब – स्टेशन पूर्ण झालं, की हा कशाला येणार?

आमचे आराखडे दोन वेगळ्या पातळ कागदांवर होते. असे कागद बाबा नेहमी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून ताडून बघायचे. या वेळी त्यांनी ते माझ्या हातात दिले. "तूच बघ. मला आता बोळातून बघितल्यासारखं दिसतं."

मंगळवारी मी बघितले. माझी चुंबकाची खूण टोकाऐवजी चुकून फलाटाच्या तोंडाशी पडली होती, आणि त्याच्या सिग्नलची तिथून जेमतेम एक इंजिन पुढं. लाल दिव्याला गाडी थांबली, की इंजिनामागची कडी नेमकी चुंबकावर येणार होती. खोडरबरानं मिटवायची गोष्ट. एकदा डिंक घालून खडी पसरली, की मग मात्र सगळं उखडून पुन्हा बसवायला दोन रविवार.

दोन रविवार…

मी कागदांची घडी घातली. "बरोबर आहे, बाबा," म्हणाले.

रविवारी डिंक लावला. पुढच्या रविवारी गाडी चालवली. ती लाल दिव्याला थांबली. दिवा हिरवा झाला, आणि इंजिन एकटंच ऐटीत स्टेशनात शिरलं.

बाबा वाकून एका डोळ्यानं शोधत राहिले. "डबे कुठं आहेत?"

"मागे राहिले, काका," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"माझी चूक. कागद मी बघायला हवे होते. पोरीवर टाकलं आणि मोकळा झालो." ते खुर्चीत बसले. "आता कशाच्याच कामाचा नाही मी."

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. मी मागे राहिलेले डबे गोळा करायला लागले. पुढच्या रविवारी तो आला, आम्ही शेजारी बसून खडी खरवडली. त्याचा कोपर माझ्या कोपराला लागायचा आणि दोघंही सरकायचो नाही. मला सुख होत होतं. स्वतःची लाज वाटावी इतकं.

गुरुवारी सकाळी बाबांनी विचारलं, "ठमे, पडदा का लावून घेतलास?"

पडदा उघडाच होता.

रविवारी तो आला तेव्हा काम तासाभराचंच उरलं होतं. चुंबक फलाटाच्या टोकाला बसला. बाबा खुर्चीत होते, चेहरा भलतीकडे वळवून. "मी कागद बघितले असते तर…" ते पुन्हा म्हणाले, आणि मला ते ऐकवेना.

"बाबा, मला त्या मंगळवारीच दिसलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही. काम लांबलं तर हे आणखी दोन रविवार येतील… म्हणून."

त्यानं पेचकस खाली ठेवला.

"मला सोमवारीच दिसलं होतं," तो म्हणाला. "माझ्याकडे दोन्ही कागदांच्या नकला होत्या. लिफ्टच्या खोलीत दिव्यासमोर धरल्या. मलाही… ठमे, मला तुझ्याशिवाय रविवार नको होता."

पहिल्यांदा 'तू' म्हणाला. एरवी मी हवेत तरंगले असते. पण समोर बाबा बसले होते.

"म्हणजे चूक माझी नव्हती," बाबा म्हणाले.

"नाही, बाबा."

"दोन आठवडे मनाला लावून घेतलंय मी." त्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "अगं, बोलायचं तरी! रोज जेवायला बोलावलं असतं मी याला. त्यासाठी माझे दिवस कशाला घ्यायचे?"

मी रडत होते, तो जमिनीकडे बघत होता.

"चालवा गाडी," ते अखेर म्हणाले, आणि चाचपडत टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली. गाडी पुलावरून आली, बोगद्यातून निघाली, थांबली.

"कोणता आहे?"

"लाल," मी म्हणाले. मग दिवा बदलला. "हिरवा झाला, बाबा."

"तुझ्यावर नाही भरवसा. लिफ्टवाल्या, तू सांग."

"हिरवा आहे, काका."

"तुझ्यावरही नाही. दोघं मिळून सांगा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "हिरवा," दोघं एकदम म्हणालो. गाडी सगळ्या डब्यांसकट फलाटाला लागली. बारीकशी टक् झाली, आणि इंजिन पुढं गेलं.

"सुटले," बाबा म्हणाले. बोटं तशीच कडेवर होती.

आमच्या लग्नाला आता चार वर्षं झाली. बाबांनी माफ केलं का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. पण दर रविवारी गाडी लाल दिव्याला थांबते, बाबा विचारतात, "कोणता आहे?" आणि आम्ही दोघं एका आवाजात सांगतो. एकट्यानं सांगितलं, तर ते खरं मानत नाहीत.