आठ दिवस मागे

पंचवीस तारखेला दुपारी ताई धाकट्याचं सामान आणायला लिफ्ट कंपनीच्या गोदामात गेली. काम साधं होतं. सही करायची, पिशवी उचलायची आणि घरी यायचं. धाकटा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, त्या कंपनीत मेकॅनिक होता. एकोणीस तारखेला दुपारी पावणेचारच्या सुमारास एका ऑफिसच्या इमारतीत तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला, आणि वर थांबवलेली लिफ्ट सुरू होऊन त्याच्यावर आली. कंपनीने दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं, की मेकॅनिकने मेन स्विचला कुलूप लावलं नाही, दाराला बोर्ड टांगला नाही, सबब चूक त्याची.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि मान हलवली. "लहानपणापासून धांदरटच गं तो," एवढंच म्हणाले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या पोराला बोल लावायचा, आणि तोही त्याच्या बापाच्या तोंडून! ती स्वतः दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिथे नंबर चुकला तर एकाचं मोडलेलं हाड दुसऱ्याच्या गळ्यात पडतं, म्हणून तिची नजर सगळ्यात आधी नंबरावर जायची. धाकटा तिच्याही वरताण. घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा, जिना उतरायचा आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचा. तो कुलूप विसरेल?

"सत्तावीसला चार वाजता चौकशी आहे, त्याच इमारतीत," गोदामातला स्टोअरकीपर पिशवी देताना म्हणाला. "कंपनीच्या त्या कागदावर तुम्ही सही दिलीत की मिटलं सगळं."

"तुमचं मिटेल," ताई म्हणाली. "माझं काय मिटतंय?"

पिशवीत बूट होते, बॅटरी होती, जेवणाचा डबा होता, आणि तळाशी कॅमेरा.

कॅमेरा मुळात ताईचाच. चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, बटण दाबलं की कुरकुरत भिंग बाहेर काढणारा. माणसाचा चेहरा दिसला की तो पडद्यावर पिवळी चौकट काढायचा. पण या शहाण्याला कपाटाच्या कड्यांतही चेहरे दिसत आणि वाळत घातलेल्या टॉवेलातही. "ताई, तुझ्यापेक्षा याच्या ओळखी जास्त आहेत," म्हणून धाकटा चिडवायचा. पुढे त्यानेच तो मागून घेतला. फोन खड्ड्यातल्या तेलात पडला तर रडत बसावं लागतं. हा दोरीने मनगटाला अडकवला आणि शर्टाच्या खिशात सरकवला की काम झालं. खाली उतरण्याआधी त्या लोकांना तीन फोटो काढावे लागत. बंद केलेला मेन स्विच, त्यावर लावलेलं स्वतःचं कुलूप, आणि दारावर 'काम चालू आहे' असा बोर्ड. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली. हे तीन फोटो सापडले नाहीत, यावरच कंपनीचा सगळा डोलारा उभा होता.

घरी येऊन ताई हातपाय न धुता कॅमेरा घेऊन बसली. धाकट्याने काढलेला शेवटचा फोटो होता चौदाशे अकरा नंबरचा, तारीख अठरा. त्यानंतर एकदम चौदाशे पंधरा. मधले तीन गायब. पंधरापासून वीसपर्यंत त्याच इमारतीची लिफ्ट, छान पुसलेली, तेलपाणी केलेली, आणि तारीख? बारा! म्हणजे नंबर पुढे गेलेले आणि तारीख मागे आलेली.

तिला कळायला वेळ लागला नाही. बारा तारखेला या लिफ्टची तपासणी धाकट्याच्या सुपरवायझरने करायची होती, ती त्याने केलीच नव्हती. एकोणीसला माणूस मेला, त्याचं सामान सुपरवायझरच्याच ताब्यात आलं, तशी वीसला त्याने मेलेल्याच्याच कॅमेऱ्यावर तारीख आठ दिवस मागे केली, तपासणीचे फोटो काढले, धाकट्याचे तीन फोटो पुसले, आणि घाईत तारीख पुन्हा सरळ करायला विसरला. "हलकट," ताई मोठ्याने म्हणाली. "अरे, निदान दुसरा कॅमेरा तरी घ्यायचास!"

तिने जुने फोटो बंद करून कॅमेरा नवा फोटो काढायला लावला. पडद्यावर आजची तारीख आली, पंचवीसच्या जागी सतरा. भिंग समोरच्या बेसिनकडे होतं. तिथे पिवळी चौकट उमटली. ताई हसणारच होती, की बेसिनच्या नळातही याला ओळखीचं कुणी भेटलं.

चौकटीत धाकटा होता. गालाला साबण लावून, मान वाकडी करून, हनुवटीखाली वस्तरा फिरवत होता.

तिने कॅमेरा खाली केला. बेसिन रिकामं, कोरडं. कॅमेरा वर केला. त्याने वस्तरा नळाखाली धरला, झटकला. आवाज काहीच नाही. फक्त दाढीच्या साबणाचा वास हळूहळू खोलीभर पसरला... गेल्या सहा दिवसांत तो साबण कुणी ओला केला नव्हता. तिने बटण दाबलं आणि बाबांना हाक मारली.

बाबांनी कॅमेरा लांब धरून फोटो पाहिला. "जुना आहे ना गं?"

"हो," ताई म्हणाली. दुसरं काय सांगणार?

बाबा गेले आणि ती तशीच बसून राहिली. कॅमेऱ्यात अजून सतरा तारीख होती. कॅमेऱ्यात धाकटा जिवंत होता, आणि त्याच्यापाशी दोन दिवस होते. एका माणसाने स्वतःची कातडी वाचवायला तारीख मागे ढकलली, आणि आता तिच्या भावाला ते सगळं पुन्हा भोगायचं होतं. एकदा मारून यांचं पोट भरलं नाही! तारीख सरळ करणं तिच्या हातात होतं. दोन बटणं दाबली असती तर धाकटा सुटला असता. पण मग त्या खड्ड्यापाशी काय घडलं, हे जन्मात कुणाला कळलं नसतं आणि बाबा मरेपर्यंत त्याला धांदरटच म्हणत राहिले असते. ताईने ती बटणं दाबली नाहीत.

सत्तावीसला साडेतीन वाजताच ती इमारतीत पोचली. चौकशीचे साहेब आणि सुपरवायझर तिसऱ्या मजल्यावर चहा पीत बसल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं. तळमजल्यावर लिफ्टचं दार चौकशीसाठी उघडं ठेवलं होतं, आडवी फीत बांधून. आत खड्डा, माणूसभर खोल. तळाला काळं तेल, जुन्या रबराचा वास, वर अंधारात थांबलेली लिफ्ट. बाहेर दुपारचं ऊन होतं, जिन्यावर कुणीतरी फोनवर हसत होतं. तिने कॅमेरा चालू केला. एकोणीस. तीन चौतीस.

धाकटा आला. त्याने दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढला, कुलूप घातलं. तीनदा ओढून पाहिलं. त्याने बोर्ड टांगला, फोटो काढले, कॅमेरा खिशात सरकवला आणि शिडीने खाली उतरला.

तीन एक्केचाळीसला दुसरी चौकट उमटली. सुपरवायझर. कानाला फोन, कपाळाला आठ्या. त्याने खड्ड्यात डोकावूनही पाहिलं नाही. बोर्ड काढून काखेत मारला. खिशातून किल्ली काढली, ऑफिसात बंद ठेवायची असते ती दुसरी किल्ली, आणि धाकट्याचं कुलूप उघडलं. ताईने बटण दाबलं. फोटो निघाला. त्याने स्विच वर ढकलला.

मग तिला भान राहिलं नाही. ती फितीवरून पुढे झुकली, कॅमेरा खाली धरला. पडद्यावर धाकटा पान्हा उचलायला वाकल्यासारखा वाकत होता. वेड्या, पान्हा कसला उचलतोस!

"धाकट्या! अरे, वर बघ! वर बघ रे!"

पडद्यातल्या धाकट्याने वर पाहिलं. सरळ तिच्याकडे. ओळख पटल्यासारखा.

तिने डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा भिंग आत गेलेलं होतं आणि पहारेकरी विचारत होता, "बाई, कुणाला हाका मारताय... आत कुणी नाहीये."

चार वाजता ती तिसऱ्या मजल्यावर गेली. चौकशीचे साहेब पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे होते. तिने आधी नंबर दाखवले, मग तारखा. सुपरवायझर हसला. "घड्याळ बिघडतं हो या खेळण्यांचं. भाऊ गेलाय, बाईंना काय काय दिसणार."

"मग हे बघ," ताई म्हणाली, आणि कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरला.

तो बघत राहिला. काखेतला बोर्ड, हातातली किल्ली, उघडं कुलूप. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं आणि तो खेकसला, "हा काढला कुणी? तेव्हा तिथे कुणी... कुणी म्हणजे कुणी नव्हतं!"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

"सही कर," ताई ओरडली. "आता तू सही कर, मेल्या! माझ्या भावाने कुलूप लावलं होतं!"

सुपरवायझरला शेजारच्या खोलीत बसवलं. साहेबांनी कागद चाळले. "तुमच्या भावाची चूक नव्हती, हे मी आजच लिहून देतो," ते म्हणाले. "वडिलांना सांगा. पण एक गोष्ट मला उलगडत नाही. खड्ड्याच्या कोपऱ्यात आडवं पडण्यापुरती जागा असते. लिफ्ट हलल्याचा आवाज आला की तिथे पडून राहायचं, हे या लोकांना पहिल्या दिवशी शिकवतात. लिफ्ट यायला चौदा सेकंद लागतात. पुष्कळ झाले. आणि तो वळलाही होता... एक गुडघा त्या कोपऱ्यात टेकल्याची खूण आहे तेलात. वाचलाच असता. पण मग तो उठून उभा राहिला, तोंड वर करून. कशासाठी उठला असेल?"

ताईचा अंगठा कॅमेऱ्यावर होता, तो तसाच पुढच्या बटणावर सरकला. तिने खाली लिफ्टपाशी एकच फोटो काढला होता. त्याच्या पुढे अजून एक होता.

तो खड्ड्याच्या तळातून वरच्या दिशेने काढलेला होता. दोन्ही बाजूंना काळ्या भिंती, वर दाराची उजेडाची पट्टी, आणि त्या पट्टीतून आत झुकलेली, केस सुटलेली, तोंड उघडं टाकून ओरडणारी ताई. तिच्या हातात कॅमेरा होता. कोपऱ्यात छापलं होतं, एकोणीस तारीख, तीन बेचाळीस.